सत्तेचाळीस अध्यक्ष, माणसं पंचेचाळीस

आधी एक हिशेब करू. डोनाल्ड ट्रम्प हे अमेरिकेचे ४७वे राष्ट्राध्यक्ष. म्हणजे पहिल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासून आजवर ४७ जण त्या पदावर बसले असणार, बरोबर? मग सगळ्यांचे फोटो भिंतीवर ओळीनं लावा आणि मोजा. फोटो भरतात ४५. दोन कमी कसे पडले?

कमी पडलेले नाहीत. दोघांना दोनदा मोजलंय. ग्रोव्हर क्लीव्हलंड १८८५ मध्ये अध्यक्ष झाले, पुढची निवडणूक हरले आणि त्याच्या पुढची जिंकून १८९३ मध्ये परत आले. मधली चार वर्षं बेंजामिन हॅरिसन होते, ते २३वे. म्हणून क्लीव्हलंड २२वेही आणि २४वेही. हरल्यावर व्हाइट हाउस सोडताना त्यांच्या पत्नी फ्रान्सेस तिथल्या नोकराला सांगून गेल्या म्हणे, की सामानसुमान नीट जपून ठेव, चार वर्षांनी आम्ही परत येणार आहोत. आणि खरंच आल्या! त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं हे कुणालाच जमलं नाही. मग ट्रम्प यांना जमलं. ४५वे तेच, ४७वेही तेच, मधले ४६वे जो बायडन.

गंमत अशी आहे, की अमेरिकेत अध्यक्षाची मुदत ठरलेली असते. चार वर्षं म्हणजे चार वर्षं. आपल्याकडे सरकार पडलं तर मुदत संपायच्या आधीच निवडणूक होऊ शकते. तिथं अध्यक्षपदाची निवडणूक मध्येच होतच नाही. मग अध्यक्ष मध्येच वारला तर? आजारी पडला तर? राजीनामा देऊन घरी गेला तर? या सगळ्याची उत्तरं पहिल्या दिवसापासून पुस्तकात लिहिलेली असतील असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. काहीतरी भलतंच घडायचं, सगळ्यांची धांदल उडायची आणि मग, कधीकधी शंभर वर्षांनी, नियम यायचा.

याची सुरुवात झाली त्या मधल्या बेंजामिन हॅरिसन यांच्या आजोबांपासून. आजोबाही अध्यक्ष होते, विल्यम हेन्री हॅरिसन. नातवाला पूर्ण चार वर्षं मिळाली. आजोबांना मिळाले ३१ दिवस.

४ मार्च १८४१. वॉशिंग्टन शहरात बोचरी थंडी. हॅरिसन ६८ वर्षांचे. तोवर इतक्या वयाचा माणूस अध्यक्ष झालेला नव्हता आणि विरोधक त्यांना म्हातारा म्हणून चिडवायचे. आजोबांनी ठरवलं, आता दाखवतोच यांना. स्वारी घोड्यावर बसून आली. ओव्हरकोट नाही, हॅट नाही. आणि भाषण किती शब्दांचं? ८,४४५! जवळजवळ दोन तास चाललं. त्यात प्राचीन रोमच्या गोष्टी इतक्या भरल्या होत्या, की डॅनियल वेबस्टर या त्यांच्या सहकाऱ्यानं आधी बसून त्यातल्या बऱ्याच काढून टाकल्या होत्या. काढूनही एवढं उरलं! (वॉशिंग्टन यांचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण फक्त १३५ शब्दांचं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा बोलवायचा झाला तर मी वॉशिंग्टन यांनाच बोलावीन.)

४ एप्रिलला हॅरिसन वारले. लोक म्हणाले, बघा, थंडीत दोन तास उघड्यावर उभे राहिले, न्यूमोनिया झाला आणि गेले. पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांतही हेच छापलं जात होतं. पण जरा तारखा बघा. भाषण झालं ४ मार्चला आणि आजार सुरू झाला २६ मार्चला. मधले तीन आठवडे ती थंडी कुठं दबा धरून बसली होती? २०१४ मध्ये दोन संशोधकांनी हॅरिसन यांच्या डॉक्टरांच्या नोंदी पुन्हा काढून वाचल्या. त्यात छातीच्या तक्रारींपेक्षा पोटाच्या तक्रारीच जास्त. त्या काळी वॉशिंग्टनमध्ये मैला वाहून नेणारी गटारं नव्हती. मैला एका मोकळ्या जागेत टाकत, आणि व्हाइट हाउसचं पाणी यायचं त्या जागेच्या खालच्या अंगाला असलेल्या झऱ्यातून. आता सांगा, गुन्हेगार कोण? संशोधकांचा संशय टायफॉइडसारख्या आतड्याच्या तापावर आहे. थंडी उगाच बदनाम झाली.

पदावर असताना अध्यक्ष वारल्याची ही पहिलीच वेळ. पुढं काय करायचं? घटनेत एक वाक्य होतं, पण ते मोघम. अध्यक्ष नसेल तेव्हा उपाध्यक्षानं त्याचं नुसतं काम बघायचं, की स्वतःच अध्यक्ष व्हायचं, हे त्यातून धड कळेना. उपाध्यक्ष होते जॉन टायलर. ते व्हर्जिनिया राज्यात, विल्यम्सबर्गमध्ये आपल्या घरी होते. तेव्हा फोन नाही की तारायंत्र नाही. ५ एप्रिलच्या पहाटे दारावर थाप पडली आणि वॉशिंग्टनहून आलेल्या निरोप्यानं बातमी दिली.

टायलर लगेच निघाले. ६ एप्रिलला वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात त्यांनी न्यायाधीशांसमोर शपथ घेतली आणि जाहीर करून टाकलं: मी हंगामी-बिंगामी नाही, मी अध्यक्ष आहे. पुष्कळ लोक चिडले. कुणी त्यांना अपघातानं आलेले अध्यक्ष म्हणून चिडवायचं. कुणी पत्रावर मुद्दाम ‘हंगामी अध्यक्ष’ असा पत्ता घालायचं. टायलर ती पत्रं न उघडताच परत पाठवायचे. त्यांच्या स्वतःच्या पक्षानं त्यांना पाच महिन्यांत पक्षाबाहेर काढलं. तरी ते मुदत संपेपर्यंत हटले नाहीत. त्यांच्या या हट्टाची प्रथा झाली. पुढं जो जो अध्यक्ष पदावर असताना गेला, त्याचा उपाध्यक्ष टायलर यांच्याकडे बोट दाखवून सरळ अध्यक्ष झाला. हा नियम घटनेत स्पष्ट लिहिला गेला तो १९६७ मध्ये. म्हणजे १२६ वर्षं अमेरिका एका हट्टी माणसाच्या भरवशावर चालली.

टायलर यांना सोडून लगेच पुढं जाववत नाही, कारण त्यांच्या आणखी दोन गोष्टी आहेत.

ते अध्यक्ष झाले, पण मग उपाध्यक्ष कोण? कुणीच नाही! उपाध्यक्षाची रिकामी जागा भरायची सोयच तेव्हा नव्हती. अशात २८ फेब्रुवारी १८४४ ला टायलर आणि वॉशिंग्टनमधली बडी मंडळी ‘प्रिन्स्टन’ या नव्या युद्धनौकेवर सहलीला गेली. बोटीवर एक अगडबंब तोफ होती. नाव काय, तर ‘शांतिदूत’! ती उडवून दाखवताना फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री जागच्या जागी ठार झाले. टायलर बचावले, कारण खालच्या मजल्यावर गाणं चाललं होतं आणि ते ऐकत रेंगाळले होते. त्या स्फोटात डेव्हिड गार्डिनर नावाचे एक गृहस्थही गेले. त्यांची मुलगी ज्युलिया बोटीवरच होती. चार महिन्यांनी तिचं टायलर यांच्याशी लग्न झालं. टायलर यांची पहिली पत्नी आधीच वारली होती.

आता दुसरी गोष्ट. वही-पेन्सिल घ्या. जॉन टायलर यांचा जन्म १७९०चा, तेव्हा वॉशिंग्टन अध्यक्ष होते. दोन लग्नं मिळून टायलर यांना १५ मुलं झाली. ज्युलियाचा मुलगा लायन जन्मला १८५३ मध्ये, तेव्हा वडील ६३ वर्षांचे होते. या लायनरावांनीही वडिलांचा कित्ता गिरवला. त्यांचा मुलगा हॅरिसन रफिन टायलर जन्मला १९२८ मध्ये, तेव्हा लायन होते ७५ वर्षांचे. आणि हा नातू वारला कधी? मे २०२५ मध्ये. आजोबा जन्मले तेव्हा आपल्याकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि नातवानं स्मार्टफोन पाहिला. मध्ये फक्त एक पिढी!

टायलर यांच्यानंतरचा घोळ तारखेचा. पूर्वी अध्यक्षाची मुदत ४ मार्चला दुपारी संपायची. १८४९ मध्ये ही तारीख नेमकी रविवारी आली. नवे अध्यक्ष झॅकरी टेलर म्हणाले, रविवारी शपथ नको, सोमवारी घेतो. जुने अध्यक्ष पोल्क यांची मुदत तर रविवारीच संपली. जुने उपाध्यक्षही गेले. मग त्या एका दिवसापुरतं अमेरिकेत राज्य कुणाचं? त्या काळच्या कायद्यात उपाध्यक्षानंतर नंबर होता सेनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, हंगामी अध्यक्षाचा. ते होते मिसुरी राज्याचे डेव्हिड ॲचिसन. झालं, लोक म्हणू लागले, ॲचिसन एक दिवसाचे राष्ट्राध्यक्ष! त्यांना विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? तर म्हणाले, बहुतेक वेळ झोपलो होतो. आदल्या रात्री सेनेटचं कामकाज उशिरापर्यंत चाललं होतं ना!

त्यांच्या गावी, प्लॅट्सबर्गला, त्यांच्या थडग्यावर ‘एक दिवसाचे राष्ट्राध्यक्ष’ असं कोरलेलंसुद्धा आहे. पण इतिहासकार हे मानत नाहीत, आणि मलाही त्यांचंच पटतं. एक म्हणजे ॲचिसन यांची स्वतःची सेनेटची मुदतही त्याच रविवारी संपली होती. दुसरं म्हणजे नव्या अध्यक्षाची मुदत घड्याळाप्रमाणे सुरू होते, शपथेची वाट बघत नाही. तेव्हा ॲचिसन झोपले होते ते अध्यक्ष म्हणून नव्हे, साधे दमलेले गृहस्थ म्हणून.

शपथेचं आलंच आहे, तर एका रात्रीचीही गोष्ट ऐका. ऑगस्ट १९२३. उपाध्यक्ष कॅल्विन कूलिज सुट्टीला वडिलांच्या घरी गेले होते, व्हरमाँट राज्यातल्या प्लिमथ नॉच नावाच्या एवढ्याशा खेड्यात. घरात वीज नाही, फोन नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर दार वाजलं. अध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले होते. वडिलांनी जिना चढता चढता हाक मारून मुलाला उठवलं. आता शपथ द्यायला न्यायाधीश कुठून आणायचा? पण वडील नोटरी होते. हो, कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतात ना, ते काम! पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात बापानं मुलाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. मग नवे राष्ट्राध्यक्ष वर गेले आणि पुन्हा झोपले. नंतर शंका निघाली, की एका राज्याचा नोटरी अख्ख्या देशाच्या अध्यक्षाला शपथ देऊ शकतो का? उगाच घोळ नको म्हणून कूलिज यांनी वॉशिंग्टनला जाऊन एका न्यायाधीशासमोर गुपचूप पुन्हा शपथ घेतली.

बाकीच्या शपथाही काही कमी नाहीत. १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांना गोळी लागली. आधी ते सावरतायत असं वाटलं, म्हणून उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट डोंगर चढायला गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या सगळ्यांत उंच शिखरावरून उतरताना एक वाटाड्या तार घेऊन धापा टाकत आला. मग रात्रभर अंधारात, डोंगरातल्या खराब रस्त्यानं, घोडागाडी पळवत रूझवेल्ट स्टेशनावर पोचले, तेव्हा कळलं की मॅकिन्ली गेले. रूझवेल्ट तेव्हा ४२ वर्षांचे होते. आजपर्यंतचे सगळ्यांत तरुण अध्यक्ष तेच. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्यावर उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डॅलसच्या विमानतळावर, विमानातच शपथ घेतली. ती दिली न्यायाधीश सारा ह्यूज यांनी. अध्यक्षाला शपथ देणाऱ्या त्या पहिल्या महिला.

ही शपथ इंग्रजीत अवघ्या ३५ शब्दांची आहे. तरी २००९ मध्ये बराक ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी एक शब्द भलत्याच जागी म्हटला. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये पुन्हा शपथ झाली. २०१३ मध्ये शपथेचा दिवस रविवारी आला, म्हणून रविवारी घरच्या घरी एकदा आणि सोमवारी सगळ्यांसमोर एकदा. ओबामा दोनच वेळा निवडून आले, शपथ मात्र चारदा घेतली!

आता त्या ४ मार्चच्या तारखेचं बघू. निवडणूक नोव्हेंबरात आणि पदावर यायचं थेट मार्चात. चार महिने! घोड्यांच्या आणि चिखलाच्या दिवसांत ते ठीक होतं. वॉशिंग्टन यांना व्हर्जिनियातल्या आपल्या घरापासून शपथेसाठी न्यूयॉर्कला पोचायलाच आठवडा लागला होता. पण १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडून आले आणि ते पदावर येईपर्यंत दक्षिणेकडची सात राज्यं देश सोडून निघूनही गेली. तरी तारीख बदलायला १९३३ उजाडलं. २३ जानेवारी १९३३ ला विसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. यापुढे मुदत संपणार २० जानेवारीला, दुपारी ठीक बारा वाजता. आणि निवडून आलेला माणूस त्याआधीच वारला, तर त्याच्याबरोबर निवडून आलेला उपाध्यक्ष अध्यक्ष होणार.

याच्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १५ फेब्रुवारीला, निवडून आलेल्या पण अजून पदावर न बसलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर मायामी शहरात एकानं गोळ्या झाडल्या. तो बुटका होता. गर्दीत दिसेना म्हणून डगमगत्या खुर्चीवर उभा राहिला होता. रूझवेल्ट यांना काही झालं नाही. शिकागोचे महापौर अँटन सेर्माक यांना मात्र गोळी लागली आणि त्यात ते वारले. एकदा तरी अमेरिकेचा नियम संकटाच्या आधी तयार होता!

आजारपणाचा नियम मात्र फारच उशिरा आला. १८८१ मध्ये अध्यक्ष गारफील्ड यांना जुलैत गोळी लागली आणि ते सप्टेंबरात वारले. मधले अकरा आठवडे ते अंथरुणाला खिळून होते. एवढ्या काळात त्यांनी सरकारी कागदावर सही केली ती एकदा. उपाध्यक्ष आर्थर खुर्चीजवळ जायलाही तयार नव्हते. लोक म्हणतील, हा मरणाची वाट बघतोय! १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला. मग कुठला कागद त्यांच्यापर्यंत जायचा आणि कुठला नाही, हे त्यांच्या पत्नी एडिथ ठरवू लागल्या. १९६३ मध्ये जॉन्सन अध्यक्ष झाले तेव्हा तर उपाध्यक्षाची जागा पुन्हा रिकामी, आणि पुढच्या दोन नंबरांवर कोण? प्रतिनिधीगृहाचे ७१ वर्षांचे सभापती आणि ८६ वर्षांचे सेनेटचे हंगामी अध्यक्ष. तेव्हा कुठं सगळ्यांचे डोळे उघडले. १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती आली. उपाध्यक्षाची जागा रिकामी झाली तर अध्यक्षानं नाव सुचवायचं आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांनी मंजूर करायचं. अध्यक्षाला काही काळ काम जमणार नसेल, तर एक पत्र लिहून अधिकार उपाध्यक्षाकडे द्यायचे. बरं वाटलं की दुसरं पत्र लिहून परत घ्यायचे.

या पत्रानं मोठ्या गमती केल्या आहेत. १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडन यांची आतड्याची तपासणी होती आणि त्यासाठी भूल द्यायची होती. त्यांनी पत्र पाठवलं, आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे ८५ मिनिटं अमेरिकेच्या अध्यक्षाचे सगळे अधिकार होते. तोवर कुठल्याही महिलेकडे ते कधी आले नव्हते.

आणि जागा भरायच्या नियमातून तर एक अजबच प्रकार झाला. १९७३ मध्ये उपाध्यक्ष अॅग्न्यू यांनी राजीनामा दिला. अध्यक्ष निक्सन यांनी त्यांच्या जागी जेराल्ड फोर्ड यांना आणलं. १९७४ मध्ये निक्सन यांनीच राजीनामा दिला, म्हणून फोर्ड अध्यक्ष झाले. त्यांनी नेल्सन रॉकफेलर यांना उपाध्यक्ष केलं. म्हणजे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही असे, की त्या पदांसाठी देशातल्या मतदारांनी त्यांना कधी निवडूनच दिलं नव्हतं. लोकशाहीत हे चालतं? नियमाप्रमाणे चाललं!

आज अध्यक्षामागे १८ जणांची रांग ठरलेली आहे. आधी उपाध्यक्ष, मग प्रतिनिधीगृहाचे सभापती, मग सेनेटचे हंगामी अध्यक्ष आणि त्यांच्यामागे मंत्री. मंत्र्यांचा क्रम लागतो तो त्यांचं खातं कधी सुरू झालं त्यावर. म्हणून परराष्ट्रमंत्री सगळ्यांत पुढे आणि अंतर्गत सुरक्षेचं नवं खातं सांभाळणारा मंत्री सगळ्यांत मागे. पण रांगेत असलं तरी अध्यक्ष होण्याच्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. वय किमान ३५, अमेरिकेत १४ वर्षं वास्तव्य आणि जन्मानंच अमेरिकेचं नागरिकत्व. हेन्री किसिंजर जर्मनीत जन्मले होते आणि मॅडेलिन अल्ब्राइट प्रागमध्ये. दोघंही परराष्ट्रमंत्री झाले, पण त्यांच्यापर्यंत पाळी आली असती तर त्यांना ओलांडून पुढच्याला बोलावलं असतं. मिशिगन राज्यातून प्रतिनिधीगृहात निवडून गेलेले श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले. ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलंय. ते उद्या सभापती झाले तरी या अटीमुळे अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोचणार नाहीत.

ही अख्खी रांग एकाच छताखाली जमते ती अध्यक्षाच्या वार्षिक भाषणाला. तिथं बॉम्बस्फोट झाला तर? म्हणून त्या रात्री एका मंत्र्याला मुद्दाम दूर, गुप्त जागी ठेवतात. अध्यक्षाला असते तसली कडक सुरक्षा त्याच्याभोवती असते. १९९७ मध्ये ही पाळी शेतीमंत्री डॅन ग्लिकमन यांच्यावर आली. ते न्यूयॉर्कला मुलीच्या घरी जाऊन बसले. भाषण सुखरूप संपलं तसा सुरक्षेचा सगळा ताफा निघून गेला. बाहेर पाऊस, मंत्रिमहोदय मुलीबरोबर रस्त्यावर, आणि टॅक्सी मिळेना!

आपल्याकडे रीत वेगळी आहे. राष्ट्रपती वारले तर उपराष्ट्रपती तात्पुरतं काम बघतात आणि सहा महिन्यांच्या आत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक होते. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले आणि त्यांचं काम बघणाऱ्या उपराष्ट्रपती गिरी यांनी निवडणूक लढवायची म्हणून राजीनामा दिला. तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतींचं काम बघत होते. हे हिदायतुल्ला नागपूरला शिकलेले आणि तिथल्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीशही राहिलेले. त्याच महिन्यात भारतात एक पाहुणे आले, त्यांचं स्वागत हिदायतुल्लांनी केलं. पाहुणे कोण? रिचर्ड निक्सन!

राहता राहिला प्रश्न, एक माणूस जास्तीत जास्त किती वर्षं अध्यक्ष राहू शकतो? वॉशिंग्टन दोनदा निवडून आल्यावर आपण होऊन घरी गेले. बाकीच्यांनीही तीच रीत पाळली. डोंगर चढणाऱ्या थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१२ मध्ये ती मोडून बघितली. प्रचारात मिलवॉकी शहरात त्यांच्या छातीवर गोळी झाडली गेली. ती आधी घुसली खिशातल्या चष्म्याच्या घरात आणि घडी करून ठेवलेल्या ५० पानी भाषणात. त्यामुळे फार आत गेली नाही. आणि रक्तानं भिजलेल्या शर्टातच त्यांनी तास-दीड तास भाषण केलं! हॅरिसन आजोबांचा जीव भाषणानं घेतला म्हणत होते, इथं तर भाषणानं वाचवला. निवडणूक मात्र ते हरले.

रीत मोडली ती त्यांच्याच घराण्यातल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. १९३२, १९३६, १९४० आणि १९४४, असे चारदा निवडून आले. १९४५ मध्ये पदावर असतानाच वारले. मग १९५१ मध्ये बाविसावी घटनादुरुस्ती आली, की दोनदाच निवडून यायचं. पण उपाध्यक्ष मध्येच अध्यक्ष झाला तर? दुसऱ्याच्या मुदतीतली दोन वर्षं किंवा त्याहून कमी उरली असतील, तर ती पूर्ण करून तो पुढं दोनदा निवडून येऊ शकतो. दोनाहून जास्त उरली असतील, तर एकदाच. आता जास्तीत जास्त वर्षं किती होतात, ते तुमचं तुम्ही काढा.

पुढचा शपथविधी आहे २० जानेवारी २०२९ ला. वॉशिंग्टनमध्ये दुपारचे बारा वाजतील तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतील. वार शनिवार, दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. तेव्हा आईबाबांना आत्ताच सांगून ठेवा, टीव्ही लावा आणि शपथेचे शब्द मोजा. ३५ भरले नाहीत, तर दुसऱ्या दिवशीही टीव्ही लावावा लागेल.